विश्लेषण : तळणीतल्या २ मिनिटांपासून अवकाशातल्या दुर्बिणीपर्यंत... ताऱ्याचा प्रकाश ‘फोडणारी’ यंत्रे कशी घडतात?

कौंडण्यपूर म्हटले की रुक्मिणीचे माहेर, वर्धेचा घाट आणि आषाढीसाठी पंढरपूरला निघणारी पालखी आठवते. पण याच वर्धेच्या काठाने खाली पुलगावकडे गेले, की खगोलशास्त्राच्या इतिहासातले एक पान सापडते. २२ जानेवारी १८९८ रोजी धामणगावजवळच्या तळणीत आणि पुलगावात इंग्लंडहून आलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी तळ ठोकला होता. खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेचा प्रकाश फोडून त्याची छायाचित्रे घेणे हा त्यांचा एक मुख्य उद्देश होता. त्यांच्यापुढचा पेच आजही सुटलेला नाही. अवकाश दुर्बिणीवर वर्णपटाचे यंत्र बसवणाऱ्या अभियंत्यांपुढेही तोच असतो : प्रकाश थोडा, वेळ थोडा आणि चूक सुधारायला दुसरी संधी नाही. भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या अवकाश वेधशाळेवर हा पेच कसा सोडवला गेला आणि त्याची किंमत काय मोजावी लागली, हे समजून घेऊ.

तळणीत नेमके काय घडले?

१८९८ च्या ग्रहणाची सावली कोकणात विजयदुर्गजवळ किनाऱ्यावर आली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाड ओलांडत ईशान्येकडे गेली. खग्रास स्थिती जेमतेम २ मिनिटे टिकणार होती. कौंडण्यपूरच्या घाटावरही त्या दुपारी ऊन मावळल्यासारखे झाले असणार.

ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी तळणीला उतरली. तिच्यात एडवर्ड वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर आणि जॉन एव्हरशेड होते. अ‍ॅनी माँडर यांनी लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा दूरवर पसरलेला झोत टिपला. एव्हरशेड यांनी लोलक बसवलेल्या कॅमेऱ्याने सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. त्यात ३६४.६ नॅनोमीटरच्या पलीकडे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात, हायड्रोजनची सलग चमक उमटली. असे का होते हे सांगणारा अणूचा सिद्धांत तेव्हा जन्मलाही नव्हता.

तिकडे पुलगावला कॅप्टन हिल्स आणि न्यूऑल यांची तुकडी होती. हिल्स यांनी वेगळा मार्ग निवडला. त्यांच्या वर्णपटयंत्रांना बारीक भेग, म्हणजे स्लिट होती. एव्हरशेड यांच्या कॅमेऱ्याला भेग नव्हती. एकाच ग्रहणासाठी रेल्वेमार्गावरच्या जवळजवळच्या दोन गावांत दोन वेगळी तंत्रे वापरली गेली. भेग ठेवायची की टाळायची, हा प्रश्न अवकाशातल्या यंत्रांच्या आराखड्यातही अगदी सुरुवातीलाच येतो.

विजयदुर्गाचे हेलियमशी काय नाते?

हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ज्या पिवळ्या रेषेला पुढे हेलियमचे नाव मिळाले, ती ५८७.६ नॅनोमीटरवर आहे. लॉकियर विजयदुर्गावर आले ते १८९८ मध्ये, म्हणजे तळणी आणि पुलगावच्या तुकड्या विदर्भात होत्या त्याच ग्रहणासाठी. जेऊरला पुण्याचे कावसजी नायगमवाला यांची तुकडी होती. वर्णपटाच्या इतिहासात त्या दिवशी महाराष्ट्रात किनाऱ्यापासून वर्धेपर्यंत यंत्रे रोखलेली होती.

वर्णपटातून कळते तरी काय?

साध्या छायाचित्रातून तारा कुठे आहे आणि किती तेजस्वी आहे ते कळते. तो कशाचा बनला आहे, किती तापलेला आहे, आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, हे त्याचा प्रकाश रंगांत पसरवल्यावर कळते.

प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश सोडते किंवा शोषते. त्यामुळे पसरलेल्या पट्टीत तेजस्वी किंवा काळ्या रेषा दिसतात. त्यांच्या जागांवरून मूलद्रव्य ओळखता येते. सगळ्या रेषा एकाच प्रमाणात तांबड्याकडे सरकलेल्या असतील, तर तो स्रोत दूर जात आहे. रेषा रुंद झाली असेल, तर तिथला वायू वेगाने घुसळतो आहे. इंद्रधनुष्यात रंग दिसतात, पण त्या रेषा दिसत नाहीत, कारण पावसाचा थेंब रंग तितके नीट वेगळे करू शकत नाही. ‘तितके नीट’ म्हणजे किती, हे यंत्राच्या आराखड्यात ठरते.

यंत्रात काय काय असते?

पाठ्यपुस्तकातल्या वर्णपटयंत्राचे पाच भाग असतात. दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश आधी बारीक भेगेतून जातो. मग एक भिंग किंवा आरसा त्याचे किरण समांतर करतो. नंतर लोलक किंवा ग्रेटिंग रंग वेगवेगळ्या कोनांत पसरवते. चौथा भाग त्या रंगांची प्रतिमा पाडतो आणि पाचवा भाग, संवेदक, ती नोंदवतो.

ग्रेटिंग म्हणजे अतिशय जवळजवळ समांतर रेषा कोरलेला पृष्ठभाग. रेषांमधले अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांवरून कोणता रंग कोणत्या कोनात जाणार ते ठरते. यात एक गुंता आहे. ग्रेटिंग एकच पट्टी पाडत नाही. ते मधोमध एक न पसरलेला ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमाच्या पट्ट्या पाडते. दुसऱ्या क्रमात रंग पहिल्याच्या दुपटीने पसरतात, पण प्रकाश या सगळ्यांत वाटला जातो. म्हणून कोरलेल्या रेषांना विशिष्ट उतार देतात. त्यामुळे जास्तीत जास्त प्रकाश हव्या त्या क्रमात जातो.

मग यंत्र अवकाशातच का न्यायचे?

एव्हरशेड यांना तळणीतून अतिनील पट्टीचा सुरुवातीचा भाग मिळाला. सुमारे ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश मात्र वातावरणातला ओझोन अडवतो. आपली कातडी त्यामुळे वाचते, पण खगोलशास्त्रज्ञांची अडचण होते. कार्बनची १५५ नॅनोमीटरची, हेलियमची १६४ नॅनोमीटरची आणि मॅग्नेशियमची २८० नॅनोमीटरची रेषा, म्हणजे तप्त तारे आणि कृष्णविवरांभोवतीचा वायू ओळखण्याच्या महत्त्वाच्या खुणा, याच बंद खिडकीमागे आहेत. जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण बांधली तरी ही खिडकी उघडत नाही.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरची ‘यूव्हीआयटी’ ही भारताची अतिनील दुर्बीण या खिडकीसाठीच आहे. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून ती साकारली. तिच्या उभारणीत आयुकाचे श्याम टंडन आघाडीवर होते. तिच्यात सुमारे ३७.५ सेंटिमीटर व्यासाचे आरसे असलेल्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत. एक १३० ते १८० नॅनोमीटरचा दूर-अतिनील प्रकाश पाहते. दुसरीचा प्रकाश विभागून २०० ते ३०० नॅनोमीटरचा जवळचा अतिनील आणि ३२० ते ५५० नॅनोमीटरचा दृश्य भाग वेगळा केला जातो.

यूव्हीआयटीने भेग का टाळली?

भेगेचे काम असते नको तो प्रकाश बाहेर ठेवण्याचे. ट्यूबलाइटचा वर्णपट घ्यायचा तर भेग लागतेच, कारण नळीच्या प्रत्येक बिंदूची पट्टी दुसऱ्यावर पडून सगळे रंग एकमेकांत मिसळतात. पण तारा मुळातच ठिपका असतो. त्याची पट्टी भेगेविनाही बारीक पडते.

भेग ठेवली तर तारा तिच्यावर अचूक रोखून धरावा लागतो. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह सतत थोडा हलतो. तारा भेगेबाहेर सरकला की निरीक्षण वाया. शिवाय एका वेळी एकाच ताऱ्याची पट्टी मिळते. यूव्हीआयटीच्या आराखड्यात म्हणून भेगही नाही आणि किरण समांतर करणारा वेगळा भागही नाही. फिरत्या चाकावर रंगांच्या गाळण्या बसवल्या आहेत. त्याच चाकाच्या एखाद्या खाच्यात ग्रेटिंग आहे. चाक फिरवून ग्रेटिंग समोर आणले, की छायाचित्र घेणारी दुर्बीण वर्णपटयंत्र होते. वेगळे आरसे नाहीत, वेगळा संवेदक नाही, वजन फारसे वाढत नाही.

उपग्रहाच्या हालण्यावरचा उपायही साधा आहे. संवेदक सेकंदाला सुमारे २९ चौकटी घेतो आणि प्रकाशाचा एकेक कण कुठे आदळला ते नोंदवतो. दृश्य प्रकाशाचा कॅमेरा ताऱ्यांची हालचाल टिपत राहतो. नंतर पृथ्वीवर संगणक प्रत्येक चौकट तेवढीच मागे सरकवून सगळ्या एकावर एक बसवतो.

उभे आणि आडवे, अशी दोन ग्रेटिंग कशाला?

भेग नसल्याची किंमत लगेच मोजावी लागते. दुर्बिणीच्या नजरेतला प्रत्येक तारा पट्टी पाडतो. यूव्हीआयटीच्या नजरेत सुमारे २८ कलांचे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राहून किंचित लहान असे आकाश मावते. तेवढ्यात अनेक तारे असतात आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीवर पडते.

यात्रेच्या गर्दीत समोरून पाहिले तर एका माणसाआड दुसरा लपतो. बाजूला जाऊन पाहिले की तो दिसतो. दूर-अतिनील दुर्बिणीत हीच युक्ती आहे. तिथे दोन ग्रेटिंग आहेत आणि त्यांच्या रेषा एकमेकींना काटकोनात आहेत. एक ग्रेटिंग पट्ट्या आडव्या पाडते, दुसरे उभ्या. आडव्यात मिसळलेले दोन तारे उभ्यात बहुधा सुटे होतात. जुलै २०२३ मध्ये सुटलेली युरोपची ‘युक्लिड’ दुर्बीणही भेगेविना काम करते आणि वेगवेगळ्या दिशांनी पट्ट्या पाडून हाच गुंता सोडवते.

सीडीवर जास्त रेषा, मग यात विशेष काय?

यूव्हीआयटीची ग्रेटिंग कॅल्शियम फ्लोराइडच्या चकतीवर कोरलेली आहेत. काच नाही, कारण साधी काच दूर-अतिनील प्रकाश गिळून टाकते. त्यांच्यावर मिलिमीटरला ४०० रेषा आहेत. घरात पडलेल्या जुन्या सीडीच्या खाचांमधले अंतर १.६ मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरला ६२५ खाचा. सीडी यूव्हीआयटीच्या ग्रेटिंगपेक्षा दाट आहे.

फक्त रेषा वाढवून यंत्र चांगले होत नाही. चाकावरचे ग्रेटिंग संवेदकाच्या जवळ आहे आणि त्याच्यावर पडणारे किरण समांतर नाहीत, ते एका बिंदूकडे मिटत चाललेले आहेत. रंग जास्त कोनात पसरवले तर पट्टीची टोके अंधूक होत जातात. ताऱ्याचा ठिपकाही शून्य आकाराचा नसतो. म्हणून दूर-अतिनील ग्रेटिंगमध्ये दुसऱ्या क्रमाची पट्टी वापरली आहे. तिथे मिळणारी बारकाई सुमारे १.४६ नॅनोमीटर आहे. जवळच्या अतिनील भागात पहिला क्रम वापरला असून तिथे ती सुमारे ३.३ नॅनोमीटर आहे.

याचा अर्थ असा. कार्बनची १५५ आणि हेलियमची १६४ नॅनोमीटरची रेषा यूव्हीआयटी सहज वेगळी दाखवते. पण कार्बनची ती रेषा खरे तर जोडी आहे : १५४.८ आणि १५५.१. या दोन्ही एकच दिसतात. वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने घुसळत असेल तर रेषेची रुंदी कळेल. ताऱ्याभोवतीच्या ग्रहामुळे होणारे सेकंदाला काही मीटरचे डोलणे कळणार नाही.

बारकाई का वाढवली नाही?

कारण प्रकाश पुरत नाही. ३७.५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौरस सेंटिमीटर भरते, साधारण एका परातीएवढे. पण एक दूर-अतिनील ग्रेटिंग लावल्यावर यंत्राचे परिणामकारक क्षेत्रफळ, म्हणजे खरोखर नोंद होणाऱ्या प्रकाशाच्या हिशेबाने उरणारी ‘परात’, जास्तीत जास्त सुमारे ४.५ चौरस सेंटिमीटर असते. परातीचे झाले रुपया-दोन रुपयांचे नाणे. जवळच्या अतिनील भागात हा आकडा १८.७ आहे.

बाकीचा प्रकाश कुठे जातो? काही भाग दुय्यम आरसा अडवतो. प्रत्येक आरसा थोडा शोषून घेतो, आणि अतिनील प्रकाशात आरसे नेहमीपेक्षा जास्त शोषतात. ग्रेटिंग प्रकाश अनेक क्रमांत वाटते आणि त्यातला एकच क्रम उपयोगी पडतो. उरलेल्या कणांतला थोडाच भाग संवेदक पकडतो. समजण्यासाठी असे धरा, की प्रकाश आठ टप्प्यांवर प्रत्येक वेळी निम्मा होतो. आठव्या टप्प्यानंतर २५६ भागांपैकी एकच उरेल, म्हणजे सुमारे ०.४ टक्के. साडेचार भागिले अकराशे केले तरी उत्तर तेवढेच येते.

आता बारकाई दहापट करायची, तर उरलेला प्रकाश दहापट जास्त खणांत वाटावा लागेल. प्रत्येक खणात दहावा हिस्सा येईल. तेवढीच स्पष्ट नोंद हवी असेल तर वेळ किमान दहापट द्यावा लागेल. आणि यूव्हीआयटी पाहते ती कक्षेच्या रात्रीच्या भागात, सलग थोडाच वेळ. तळणीच्या २ मिनिटांचा हिशेब इथेही सुटत नाही.

बोटाचा ठसाही का चालत नाही?

अतिनील यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मळ. तेल, डिंक किंवा प्लास्टिकमधून सुटणाऱ्या वाफेचा रेणूंएवढा पातळ थर आरशावर बसला तरी दूर-अतिनील प्रकाश घटतो. दृश्य प्रकाशात हा थर जाणवतही नाही. म्हणून अशी यंत्रे धूळरहित खोलीत जुळवतात, त्यांच्यात शुद्ध नायट्रोजन खेळता ठेवतात आणि आत वापरायचा प्रत्येक पदार्थ आधी तपासतात. अ‍ॅस्ट्रोसॅट कक्षेत पोहोचल्यावरही यूव्हीआयटीची दारे सुमारे २ महिने बंदच होती. उपग्रहातली उरलीसुरली वाफ निघून जाईपर्यंत थांबून ती ३० नोव्हेंबर २०१५ रोजी उघडली गेली.

पट्टीवर आकडे कोण लिहिते?

संवेदकावर उमटते ती एक तेजस्वी रेघ. तिच्यावर कुठेही ‘१५५ नॅनोमीटर’ असे लिहिलेले नसते. ते शोधण्यासाठी आधीपासून ओळखीचे तारे पाहावे लागतात. पुण्याच्या आयुकातील गुलाबचंद देवांगन यांनी २०२१ मध्ये यूव्हीआयटीच्या तिन्ही ग्रेटिंगचे हे प्रमाणीकरण प्रसिद्ध केले. ‘एनजीसी ४०’ या तेजोमेघाच्या ओळखीच्या रेषांवरून पट्टीवरच्या जागा ठरल्या. ‘एचझेड ४’ या श्वेत बटू ताऱ्याच्या माहीत असलेल्या तेजावरून किती प्रकाशाला किती नोंदी मिळतात ते ठरले. वर दिलेले ४.५ आणि १८.७ हे आकडे या कामातलेच. विश्लेषणासाठी लागणारी संगणक प्रणालीही त्यांनी तयार केली. हे काम बातम्यांत फारसे येत नाही. पण ते नसते तर अवकाशातून आलेल्या रेघा नुसत्या रेघाच राहिल्या असत्या.

भेग कुठे हवीच?

स्रोत ठिपक्यासारखा नसेल तिथे. सूर्याचे प्रभामंडळ पसरट आहे, म्हणून २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेल्या ‘आदित्य-एल१’वरच्या ‘व्हीईएलसी’ या उपकरणात चार भेगा आहेत. हे उपकरण सूर्याची तबकडी आतल्या आत झाकते, म्हणजे रोजच ग्रहण लावते. ते ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषा पाहते. ही रेषा १८६९ च्या ग्रहणात दिसली तेव्हा ती ‘कोरोनियम’ या नव्या मूलद्रव्याची समजली गेली. ती १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे, हे १९४० च्या सुमारास कळले. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागते. आयुकाने बनवलेले ‘सूट’ हे उपकरणही याच यानावर आहे. ते वर्णपट घेत नाही, ११ गाळण्यांतून सूर्याची अतिनील छायाचित्रे घेते.

भेग आणि गर्दी या दोन्हींवर सर्वांत खर्चिक उत्तर ‘जेम्स वेब’ दुर्बिणीवर आहे. तिच्या ‘एनआयआरस्पेक’ उपकरणात सुमारे अडीच लाख इवल्या झडपा आहेत. प्रत्येक झडप साधारण ०.१ बाय ०.२ मिलिमीटरची. ज्या दीर्घिका पाहायच्या, तेवढ्यांसमोरच्या झडपा उघडायच्या आणि बाकीच्या मिटायच्या. भेगेची शिस्तही मिळते आणि एका वेळी अनेक दीर्घिकांच्या पट्ट्याही.

बिघाड झाला तर?

मार्च २०१८ मध्ये यूव्हीआयटीचा जवळच्या अतिनील भागाचा कॅमेरा बंद पडला. त्याच्यासोबत त्या भागातले एकमेव ग्रेटिंगही निरुपयोगी झाले. मॅग्नेशियमची २८० नॅनोमीटरची खूण भारताच्या या दुर्बिणीला तेव्हापासून दिसत नाही. ‘हबल’प्रमाणे अंतराळवीर पाठवून दुरुस्ती करायची सोय अ‍ॅस्ट्रोसॅटला नाही. तरीही दूर-अतिनील दुर्बीण आणि तिची दोन्ही ग्रेटिंग चालू राहिली. पाच वर्षांसाठी आखलेल्या या वेधशाळेने सप्टेंबर २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली. दोन स्वतंत्र दुर्बिणी ठेवण्याच्या निर्णयाचा फायदा इथे झाला. एकीचा कॅमेरा गेला तरी दुसरीचे काम थांबले नाही.

पुढे काय पणाला लागले आहे?

पुण्याच्या एनसीआरए संस्थेच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये जेम्स वेबच्या छायाचित्रांतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व सुमारे दीड अब्ज वर्षांचे असताना ती घडलेली होती. तिचे अंतर २१ गाळण्यांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून काढले आहे. पण तिची तबकडी शांतपणे फिरते आहे की घुसळते आहे, हे सांगायला वर्णपटच लागेल. शोध आपल्या शास्त्रज्ञांचा असला तरी पुढचे उत्तर परदेशी यंत्रावर वेळ मिळण्यावर अवलंबून आहे.

भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ‘इन्सिस्ट’ या सुमारे १ मीटर आरशाच्या अतिनील अवकाश दुर्बिणीचा प्रस्ताव मांडला आहे. एकाच वेळी अनेक स्रोतांचे वर्णपट घेणे हा त्याचा गाभा आहे. आरशाचा व्यास ३७.५ वरून १०० सेंटिमीटर झाला, तर प्रकाश गोळा करणारे क्षेत्रफळ सात पटींनी वाढते. मग बारकाईवर खर्च करायला प्रकाश शिल्लक राहतो. एव्हरशेड यांनी तळणीतून जिथवर पाहिले, त्याच्या पलीकडचे बारकाईने वाचायचे असेल तर हाच रस्ता आहे.

घरी करून पाहायचे असेल तर?

बुटाच्या खोक्याच्या एका टोकाला ब्लेडने उभी, बारीक भेग पाडा. समोरच्या टोकाला जुनी सीडी तिरकी बसवा. वरच्या बाजूने डोळा लावण्यापुरते भोक ठेवा. भेग एलईडी बल्बकडे धरली तर सलग पट्टी दिसेल. जुन्या सीएफएलकडे धरली तर सुट्या तेजस्वी रेषा दिसतील. त्यातली हिरवी रेषा पाऱ्याच्या वाफेची असते. सूर्याकडे मात्र खोके कधीही रोखू नका.

मग रात्री खोके बाजूला ठेवून नुसती सीडी घ्या. कौंडण्यपूरच्या घाटावरून पलीकडच्या काठावर लुकलुकणारा एखादा दूरचा दिवा सीडीत पाहा. भेग नाही, तरी दिव्याची रंगीत पट्टी दिसेल, कारण इतक्या लांबून तो दिवा ठिपकाच आहे. आता शेजारच्या दुकानातली ट्यूबलाइट सीडीत पाहा. रंग एकमेकांत मिसळलेले दिसतील. एव्हरशेड यांनी भेग का टाळली आणि हिल्स यांनी ती का ठेवली, याचे उत्तर या दोन दिव्यांत आहे.